वॉरंट कोणाच्या खिशात?



ही व्याख्यानमाला एका इतिहासशिक्षकांच्या स्मरणार्थ चालते आणि विषयाची मोकळीक वक्त्याला असते. त्या मोकळिकीचा फायदा घेऊन मी आज जरा लांबचा विषय घेतला आहे. अमेरिकेच्या पश्चिम सरहद्दीवरचे दरोडेखोर आणि त्यांच्या मागावरचे शेरीफ. ही माणसं आपल्याला परकी नाहीत. 'मॅकेनाज गोल्ड'चं त्याच्या मायदेशी फारसं कौतुक झालं नाही; आपल्याकडे मात्र लोक तो पुन्हा पुन्हा पाहायला गेले. 'शोले'च्या रामगढमध्येही अर्धं गाव त्याच मुलखातून आलेलं आहे. पण आपली ही सगळी ओळख पडद्यावरची.

मला त्या पडद्यामागचे दोन अगदी रुक्ष प्रश्न विचारायचे आहेत. शेरीफचं पोट कशावर चालत होतं? आणि त्याच्या खिशातलं वॉरंट कोणाच्या सांगण्यावरून निघालं होतं? दंतकथेनं पिस्तुलं जपून ठेवली, घोडे जपून ठेवले, टोप्यासुद्धा ठेवल्या. हिशेबाच्या वह्या तेवढ्या गाळल्या. आणि माझ्या मते सगळी गोष्ट त्या वह्यांतच आहे.

सगळ्यांत गाजलेल्या अर्ध्या मिनिटापासून सुरुवात करू. ॲरिझोनात १८७७ मध्ये एड शिफलिन नावाच्या एका भटक्या माणसाला चांदी सापडली. १८७९ मध्ये तिथे टूमस्टोन हे गाव वसलं आणि दोन वर्षांत ते वर्तमानपत्रं, नाट्यगृह आणि जुगाराच्या अड्ड्यांनी गजबजून गेलं. २६ ऑक्टोबर १८८१ रोजी दुपारी तीनच्या सुमारास, सी. एस. फ्लाय या छायाचित्रकाराच्या घराशेजारच्या अरुंद मोकळ्या जागेत नऊ माणसं समोरासमोर आली. एका बाजूला गावाचा पोलीसप्रमुख व्हर्जिल अर्प, त्याचे भाऊ वायट आणि मॉर्गन, आणि क्षयानं पोखरलेला, जुगारावर जगणारा दंतवैद्य डॉक हॉलिडे. दुसऱ्या बाजूला क्लँटन आणि मॅक्लॉरी या भावांच्या दोन जोड्या आणि त्यांचा एक साथीदार. साधारण तीस सेकंदांत तीसएक गोळ्या सुटल्या. बिली क्लँटन, टॉम मॅक्लॉरी आणि फ्रँक मॅक्लॉरी मेले. आदल्या रात्रीपासून धमक्या देत फिरणारा आइक क्लँटन पळून गेला, त्यामुळे वाचला. ज्या 'ओ. के. कोरल'च्या नावानं ही चकमक जगभर ओळखली जाते, तो घोड्यांचा तबेला तिथून काही घरं पलीकडे होता. पण 'फ्लायच्या घराशेजारची मोकळी जागा' असं नाव सिनेमाला कोण देणार?

कारण काय होतं? कागदावरचं कारण अगदी नगरपालिकेच्या थाटाचं आहे. गावात हत्यार बाळगायला बंदी करणारा नववा ठराव. हत्यारं जमा करायला लावणं हे व्हर्जिलचं काम होतं. सिनेमातल्या पश्चिमेत जो तो कमरेला पिस्तूल लावून गावभर हिंडतो. खऱ्या पश्चिमेतल्या बऱ्याच गावांनी तेच कायद्यानं बंद केलं होतं.

पण ठरावाच्या मागे दुसरी वही आहे. १८८१ च्या सुरुवातीला कोचीस ही नवी काउंटी निर्माण झाली. तिथला शेरीफ म्हणजे नुसता चोर पकडणारा माणूस नव्हे. करवसुली त्याच्याकडे, आणि वसुलीतला दहा टक्के वाटा त्याचा. चांदीच्या खाणींच्या मुलखात दहा टक्के! ही जागा वायट अर्पला हवी होती. ती मिळाली जॉनी बेहानला. पुढच्या निवडणुकीत ती हिसकावायची म्हणून वायटनं एक बेत आखला. त्या वर्षी मार्चमध्ये टपालगाडीवर हल्ला करून दोघांना मारणारे लुटारू पकडून द्यायचे, म्हणजे गावात नाव होईल. त्यासाठी त्यानं आइक क्लँटनलाच गाठलं. तू तुझ्या ओळखीच्या लुटारूंना माझ्या हाती दे, वेल्स फार्गो कंपनीचं बक्षीस तुझं, श्रेय माझं. हा सौदा बाहेर फुटेल आणि आपलेच लोक आपल्याला ठार करतील, या भीतीनं आइक सैरभैर झाला. तिथून गोष्ट हातघाईवर आली. हे मी वायटच्या शत्रूंच्या तोंडून सांगत नाही. वायटनं स्वतः न्यायालयात वाचून दाखवलेल्या निवेदनात ते आहे. त्या निवेदनावर उलटतपासणी झाली नाही, कारण तिथल्या कायद्यानं आरोपीला तशी सवलत होती. वायटनं ती पुरेपूर वापरली.

जवळजवळ महिनाभर सुनावणी चालली. शेरीफ बेहान अर्प बंधूंच्या विरुद्ध साक्षीला उभा राहिला. गावात दोन वर्तमानपत्रं होती. 'एपिटाफ' रिपब्लिकनांचं, आणि त्याचा संपादक जॉन क्लम हाच गावाचा महापौर. 'नगेट' डेमोक्रॅटांचं, शेरीफच्या बाजूचं. एकाच अर्ध्या मिनिटाचे दोन इतिहास दुसऱ्या दिवसापासून छापून येऊ लागले. न्यायाधीश वेल्स स्पायसर यांनी व्हर्जिलला वायट आणि हॉलिडेला मदतीला घेतल्याबद्दल बोल लावला, पण गुन्हा मानला नाही. डिसेंबरअखेरीस अंधारातून झालेल्या गोळीबारात व्हर्जिलचा हात कायमचा निकामी झाला. मार्च १८८२ मध्ये मॉर्गनला बिलियर्ड खेळताना पाठीमागून मारलं. मग वायट निघाला. तो संघराज्याच्या मार्शलचा दुय्यम अधिकारी होता आणि त्याच्याकडे वॉरंटं होती. टूसॉनच्या रेल्वेयार्डात मॉर्गनच्या खुनाचा संशयित फ्रँक स्टिलवेल गोळ्यांनी चाळण झालेला सापडला, त्यावरून वायटच्याच नावानं खुनाचं वॉरंट निघालं. आता शेरीफचं पथक मार्शलच्या पथकाच्या मागे! दोन्हीकडे बिल्ले, दोन्हीकडे सरकारी शिक्के. वायट त्या वॉरंटसकट ॲरिझोना सोडून गेला आणि त्या खटल्याला कधीच उभा राहिला नाही. अमेरिकेतला सर्वांत प्रसिद्ध कायद्याचा रखवालदार त्या प्रांताच्या दफ्तरी फरारी आरोपी होता.

त्याचं आधीचं चरित्रही काही निर्मळ नाही. १८७१ मध्ये घोडाचोरीचा आरोप, १८७२ मध्ये इलिनॉयमधल्या पिओरियात कुंटणखान्याच्या प्रकरणी दंड. १८९६ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत मुष्टियुद्धाचा पंच म्हणून त्यानं दिलेल्या निकालावर लबाडीचा आरोप झाला, आणि तेव्हाच्या लोकांना वायट अर्प आठवायचा तो त्या निकालामुळे. १९२९ मध्ये तो लॉस एंजेलिसला वारला तेव्हा खांदेकऱ्यांत टॉम मिक्स आणि विल्यम हार्ट हे काउबॉयपटांचे नट होते. दोन वर्षांनी स्टुअर्ट लेकचं चरित्र निघालं. त्यातला वायट निष्कलंक, निर्भय आणि मितभाषी आहे. त्याच्या तोंडची म्हणून जी वाक्यं तिथे आहेत, त्यातली कित्येक आपली असल्याचं लेकनं नंतर पत्रांतून कबूल केलं. पण तोवर सिनेमाचा कारखाना सुरू झाला होता. जॉन फोर्डनं १९४६ मध्ये 'माय डार्लिंग क्लेमेंटाइन' काढला आणि टूमस्टोन उचलून शेकडो किलोमीटर उत्तरेला मॉन्युमेंट व्हॅलीत नेऊन ठेवलं. चित्रपट म्हणून तो फार सुंदर आहे, हेही सांगायला हवं. करवसुलीच्या दहा टक्क्यांचा मात्र त्यात मागमूस नाही.

हे भाट लोक वायटच्या आधीपासून कामाला लागले होते. १८६७ मध्ये 'हार्पर्स' मासिकानं वाइल्ड बिल हिकॉकवर लेख छापला. त्यात त्यानं एकट्यानं दहा जणांना लोळवल्याचं वर्णन होतं. प्रत्यक्षात नेब्रास्कातल्या त्या घटनेत मेले तिघे, आणि तेही एकट्या हिकॉकच्या हातून नव्हेत. पुढे १८७१ मध्ये ॲबिलीनचा मार्शल असताना त्यानं एका जुगाऱ्याला गोळी घातली आणि त्याच गडबडीत मदतीला धावून आलेला स्वतःचा सहकारीही मारला.

जेसी जेम्सचा भाट तर संपादकच होता. जेसी मिसुरीतल्या गुलाम बाळगणाऱ्या घरातला. यादवी युद्धात सोळा-सतरा वर्षांचा असताना तो दक्षिणेच्या बाजूनं लुटालूट करणाऱ्या टोळीत शिरला. या टोळीनं सप्टेंबर १८६४ मध्ये सेंट्रेलियाला आगगाडीतून उतरवलेल्या वीसहून अधिक निःशस्त्र सैनिकांना गोळ्या घातल्या. युद्ध संपल्यावर त्यानं बँका आणि गाड्या लुटल्या. 'कॅन्सस सिटी टाइम्स'चा जॉन न्यूमन एडवर्ड्स हा युद्धात हरलेल्या पक्षाचा माजी अधिकारी होता. त्याला हरलेल्यांसाठी एक वीर हवा होता आणि जेसीला छापखाना. गरिबांना वाटणारा जेसी हा तिथे जन्मला. त्यानं गरिबांना काही दिल्याचा पुरावा नाही. पिंकर्टन गुप्तहेरांनी मात्र या दंतकथेला मोठा हातभार लावला. १८७५ च्या जानेवारीत त्यांनी त्याच्या घरात पेटता गोळा फेकला. लहान सावत्र भाऊ मेला, आईचा हात गेला. कायद्याच्या बाजूचा असा एक मूर्खपणा लुटारूला दहा वर्षं पुरतो. १८८२ च्या एप्रिलमध्ये बॉब फोर्डनं बक्षिसासाठी पाठीमागून गोळी घातली आणि लगोलग जेसीचा पोवाडा रचला गेला.

मग रोज खून पडत होते का? रॉबर्ट डिकस्ट्रा या इतिहासकारानं कॅन्ससमधल्या गुरांच्या बाजाराच्या पाच गावांचा, म्हणजे डॉज सिटी, ॲबिलीन वगैरेंचा हिशेब काढला. १८७० ते १८८५ या काळात पाचही गावं मिळून ४५ खून. पुढच्या अभ्यासकांनी यावर रास्त आक्षेप घेतला: गावं इतकी छोटी होती की लोकसंख्येच्या प्रमाणात हा आकडाही मोठाच ठरतो. दोघांचंही खरं आहे. पण भर दुपारी दोघांनी रस्त्यावर समोरासमोर उभं राहून कोण आधी पिस्तूल उपसतो ते पाहणं, हा प्रकार फारच क्वचित घडे. खून बहुधा दारूच्या गुत्त्यात, जवळून, किंवा मागून होत.

आणि या कथांचे नायक स्वतःच पुढे नट होऊन बसले. ओक्लाहोमाचा नावाजलेला मार्शल बिल टिल्गमन यानं १९०८ मध्ये 'द बँक रॉबरी' नावाचा चित्रपट दिग्दर्शित केला. त्यात दरोडेखोराचं काम केलं अल जेनिंग्जनं, जो आगगाडी लुटल्याबद्दल खरोखरच तुरुंगात जाऊन आला होता. चोर आणि शिपाई एकाच कॅमेऱ्यासमोर! बिचाऱ्या टिल्गमनचा शेवट मात्र सिनेमात शोभला नसता. १९२४ मध्ये, सत्तरीत असताना, त्याला दारूबंदी खात्याच्या एका सरकारी अंमलदारानं गोळी घातली.

कोणाची कथा झाली हे जितकं बोलकं, तितकंच कोणाची झाली नाही हे. बास रीव्ह्ज गुलामगिरीत जन्मला. १८७५ मध्ये न्यायाधीश आयझॅक पार्कर फोर्ट स्मिथला आले. आदिवासी जमातींसाठी राखलेल्या 'इंडियन टेरिटरी'वर त्यांचा अंमल होता, कारण जमातींच्या न्यायालयांना गोऱ्या गुन्हेगाराला हात लावता येत नसे. पार्करनी भरती केलेल्या दुय्यम मार्शलांत रीव्ह्ज होता. त्याला लिहिता-वाचता येत नव्हतं. तो वॉरंटं वाचून घेई, कोणतं कोणाचं ते ध्यानात ठेवी आणि नेमकं ते काढून समोर धरी. या मार्शलांना ठरलेला पगार नव्हता. पकडलेल्या माणसामागे आणि तुडवलेल्या मैलांमागे मोबदला. बत्तीस वर्षांच्या नोकरीत त्यानं तीन हजारांहून अधिक लोकांना पकडलं असं सांगतात. १९०२ मध्ये स्वतःच्या मुलाला, सुनेच्या खुनाबद्दल, त्यानंच पकडून आणलं. १९०७ च्या नोव्हेंबरात ओक्लाहोमा राज्य झालं आणि नव्या विधिमंडळानं पहिल्याच फटक्यात काळ्या-गोऱ्यांना गाडीत वेगळं बसवण्याचा कायदा केला. रीव्ह्जची मार्शलकी संपली. १९१० मध्ये तो वारला. फोर्ट स्मिथला त्याचा पुतळा उभा राहिला २०१२ मध्ये. वायटवर चित्रपटांची आणि मालिकांची रांग लागली त्या काळात रीव्ह्जवर कोणाला चित्रपट सुचला नाही, हा योगायोग आहे असं मला वाटत नाही.

आता वायोमिंग. तिथे प्रश्न गुरांचा होता. बड्या पशुमालकांची संघटना एवढी बलवान की १८८४ च्या कायद्यानं कुरणातली डाग न दिलेली मोकळी वासरं तिच्या मालकीची ठरली. एखाद्या छोट्या शेतकऱ्यानं तसं वासरू धरलं, तर कायद्यानं तो चोर. १८८९ मध्ये एला वॉटसन नावाच्या बाईला आणि जिम ॲव्हरेलला पशुमालकांनी झाडाला लटकवलं. दोघांनी सरकारी जमिनीवर रीतसर हक्क सांगितला होता, हे त्यांचं पाप. लगेच शायेनच्या वर्तमानपत्रांनी तिला गुरंचोर वेश्या ठरवून टाकलं. कोणालाही शिक्षा झाली नाही.

एप्रिल १८९२ मध्ये याच मंडळींनी टेक्सासहून भाडोत्री बंदूकधारी आणले, खास आगगाडी केली, ताराही तोडल्या आणि मारायच्या माणसांची यादी घेऊन पन्नासएक जण जॉन्सन काउंटीवर चालून गेले. वाटेत त्यांनी नेट चॅम्पियन आणि निक रे यांना मारलं. चॅम्पियन वेढ्यात दिवसभर एकटा लढला आणि मधूनमधून वहीत टिपणं लिहीत राहिला. ती वही पुढे छापली गेली. मग काउंटीचा खरा शेरीफ, रेड अँगस, शेकडो नागरिक घेऊन आला आणि त्यानं या हल्लेखोरांनाच वेढा घातला. त्यांना सोडवलं कोणी? राष्ट्राध्यक्ष हॅरिसन यांनी धाडलेल्या घोडदळानं. साक्षीदार गायब झाले, काउंटीच्या तिजोरीला खटल्याचा खर्च झेपेना आणि खटला बारगळला. पशुमालकांचा स्नेही असलेल्या ओवेन विस्टरनं १९०२ मध्ये 'द व्हर्जिनियन' लिहिली. सगळ्या काउबॉय कादंबऱ्यांची ही जननी. तिचा नायक गुरंचोरांना, त्यांत आपल्या मित्रालाही, फाशी देतो आणि वाचकाला ते उदात्त वाटतं.

शेवटी न्यू मेक्सिको आणि बिली द किड. इथे जरा थांबावं लागेल. लिंकन गावात मर्फी आणि डोलन यांचं एकच मोठं दुकान होतं. लोक त्याला 'द हाउस' म्हणत. फोर्ट स्टँटनच्या लष्कराला आणि अपाचींच्या वसाहतीला मांस-धान्य पुरवण्याचे मक्ते त्यांच्याकडे, गावकऱ्यांची उधारी त्यांच्याकडे आणि शेरीफ ब्रेडीही त्यांच्याकडे. १८७७ मध्ये जॉन टन्स्टॉल या तरुण इंग्रजानं वकील मॅक्स्वीनच्या जोडीनं समोर दुकान थाटलं. 'द हाउस'च्या एका मृत भागीदाराच्या दहा हजार डॉलरच्या विम्यावरून डोलननं मॅक्स्वीनवर दावा ठोकला, जप्तीचा हुकूम मिळवला आणि तो टन्स्टॉलच्या जनावरांवर लावला. १८ फेब्रुवारी १८७८ रोजी शेरीफच्या जप्तीपथकानं टन्स्टॉलला ठार केलं.

टन्स्टॉलच्या माणसांनी काय केलं? ते न्यायाधीशाकडे गेले. जॉन विल्सन या स्थानिक न्यायाधीशानं खुन्यांच्या नावानं वॉरंटं काढली आणि त्यांना बजावणीचा अधिकार दिला. हे 'रेग्युलेटर्स'. त्यांत बिली होता, विशीही न ओलांडलेला. म्हणजे बिली द किडच्या प्रसिद्धीची सुरुवात कायद्याचा माणूस म्हणून झाली. ९ मार्चला राज्यपाल ॲक्सटेल काही तासांसाठी लिंकनला आले आणि त्यांनी विल्सनची नेमणूकच बेकायदा असल्याचा जाहीरनामा काढला. कालचे शिपाई आजचे गुन्हेगार. ज्याच्या हाती ससा तो पारधी.

मी बिलीला निर्दोष म्हणत नाही. १ एप्रिलला रेग्युलेटर्सनी शेरीफ ब्रेडीला भर रस्त्यात, आडोशाला दबा धरून मारलं. तो खूनच होता. पण जुलैत गावात पाच दिवस लढाई पेटली, तेव्हा कर्नल डडली सैनिक आणि तोफ घेऊन आला, मॅक्स्वीनचं घर जळालं आणि तो मारला गेला. त्या मृत्यूबद्दल कोणालाच खुनी ठरवलं नाही. चौकशीनंतर ॲक्सटेलना काढलं. नवे राज्यपाल ल्यू वॉलेस सर्वांना माफी जाहीर करते झाले, फक्त ज्यांच्यावर आधीच आरोप ठेवले होते ते वगळून. बिली वगळला गेला. पुढच्या वर्षी त्यानं एक खून होताना पाहिला आणि राज्यपालांना पत्र लिहिलं: मी साक्ष देतो, मला सोडा. दोघं रात्री भेटले. बिलीनं शब्द पाळला, साक्ष दिली. सरकारी वकील डोलनचा मित्र होता; त्यानं आरोप काढले नाहीत. वॉलेस तेव्हा 'बेन-हर' पुरी करण्यात गढले होते. त्यांनी पुढे बिलीच्या डोक्यावर ५०० डॉलरचं बक्षीस लावलं.

एप्रिल १८८१ मध्ये बिलीला फाशीची शिक्षा झाली. त्या सगळ्या युद्धात शिक्षा झालेला तो एकटाच. त्याला लिंकनच्या न्यायालयाच्या माडीवर बेड्यांत ठेवलं. ती इमारत म्हणजे मर्फी-डोलनचंच जुनं दुकान. २८ एप्रिलला दोन पहारेकऱ्यांना मारून तो निसटला. १४ जुलैच्या रात्री फोर्ट समनरला शेरीफ पॅट गॅरेटनं त्याला अंधाऱ्या खोलीत गोळी घातली. बक्षीस हाती पडायला विधिमंडळाची मंजुरी लागली. पुढच्याच वर्षी गॅरेटच्या नावानं बिलीचं 'अस्सल' चरित्र निघालं; लिहिलं होतं ॲश अपसन या पत्रकार मित्रानं. एकवीस वर्षांत एकवीस खून ही आख्यायिका फोफावली. खऱ्या हिशेबात आकडा नऊच्या आसपास येतो, आणि त्यातले एकट्यानं केलेले चार. तो डावखुरा होता अशीही समजूत पसरली, कारण त्याचं एकमेव खात्रीचं छायाचित्र उलटं उमटलेलं आहे. ते छायाचित्र २०११ मध्ये तेवीस लाख डॉलरांना विकलं गेलं. वॉलेसचा शब्द आपण पाळावा का, याचा विचार त्यांच्या गादीवर बसलेले राज्यपाल बिल रिचर्डसन यांनी २०१० मध्ये केला आणि ३१ डिसेंबरला माफी नाकारली.

बाकीच्यांचं काय झालं, ते कादंबऱ्यांत येत नाही म्हणून सांगतो. डोलनवर ठेवलेला खुनाचा आरोप रद्द झाला. टन्स्टॉलची मालमत्ता त्याच्याकडे आली, आणि तो काउंटीचा खजिनदार व पुढे विधिमंडळाचा सदस्य झाला. 'द हाउस'ची मालमत्ता ज्याच्याकडे गहाण होती तो थॉमस कॅट्रन टन्स्टॉलचा खून झाला तेव्हा प्रांताचा सर्वोच्च सरकारी वकील होता. १९१२ मध्ये न्यू मेक्सिको राज्य झालं, तेव्हा तो तिथून निवडून गेलेल्या पहिल्या दोन सिनेटरांपैकी एक होता. राज्यातल्या क्षेत्रफळानं सर्वांत मोठ्या काउंटीला त्याचं नाव दिलेलं आहे.